घरटी एक पांढरं पातळ

आमच्या घरात खोल्या दोन, वर पत्रा, आणि पांढरं पातळ एक. माझे वडील, आण्णा, साखर कारखान्याच्या यार्डात हंगामी कामाला होते. हंगाम संपला की त्यांना घरी बसवायचे. मग उरलेलं अर्धं वर्ष घर चालायचं ते आजीच्या आणि आईच्या खुरप्यावर. दोघी प्रवरेकाठी दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायच्या. कामाची लुगडी ठिगळावर ठिगळ लावून गोधडीसारखी जाड झालेली. पांढरं पातळ मात्र पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ते रविवारी निघायचं आणि आजी नेसायची. आई ते धुवायची, निळीतून काढायची, घड्या घालून उशाखाली दाबायची. ते नेसलेली आई मी कधी पाहिली नव्हती, आणि त्याचं मला कधी नवलही वाटलं नव्हतं.

वस्तीतलं महिला मंडळ आजीच्या पिढीनं उभं केलेलं, बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर काही वर्षांनी. दर रविवारी चार ते सहा समाजमंदिरात बसायचं. आधी वंदना, मग बोलणी: रेशनवाला माप मारतो, कुणाच्या लेकीला सासरी मारतात, हापसा दुरुस्त होत नाही. नियम एकच पण कडक. अंगावर पांढरं पाहिजे. आजी अध्यक्ष होती, आणि ग्रामसेवकसुद्धा तिला बिचकून असायचा.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा मंडळात दहा-बारा बायाच उरल्या होत्या. सगळ्यात तरुण होती ती पन्नाशीची. त्याच सुमाराला ग्रामपंचायतीनं समाजमंदिराला रंगीत टीव्ही दिला, आणि रविवारी चार वाजता मराठी सिनेमा लागायचा. समाजमंदिराची कमिटी पुरुषांची. त्यांचा म्होरक्या माझा लांबचा चुलता. तो एक दिवस आमच्या दारात येऊन आजीला म्हणाला, "काकी, दहा म्हाताऱ्यांसाठी अख्खा हॉल अडवायचा का? येत्या जयंतीपतूर पंचवीस बाया बसवून दावा. न्हाईतर रविवार आमचा."

"त्या टीव्हीवाल्याला सांग, शिनेमा सोमवारी लाव म्हणावं," आजी म्हणाली.

तो हसला, पण मुदत काही मागे घेतली नाही. आजी त्या दिवशी भाकरी अर्धीच टाकून उठली. मंडळ बंद पडणं म्हणजे काय, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. वस्तीतल्या बायांना त्या दोन तासांशिवाय स्वतःचं असं काही नव्हतं.

मी म्हटलं, हे काम माझं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे, मी तो लपवत नाही. मी समाजमंदिराच्या फळ्यावर खडूनं सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली. घरोघर फिरले. सुनांपुढे उभं राहून चूल आणि मूल यावर भाषणं दिली. त्या कौतुकानं ऐकायच्या, चहा द्यायच्या, "येऊ की ताई" म्हणायच्या. रविवारी एकही यायची नाही. तीन रविवार असे गेले. घरी येऊन मी चिडून बोलले, "या बायांना जाणीवच नाही." आई भांडी घासत होती. तिनं नुसतं वर पाहिलं आणि पुन्हा राखेत हात घातला.

मला शहाणं केलं ते शेजारच्या सुनेनं. नेवाशाकडची, माझ्याच वयाची, कडेवर पोर. हापशावर मी तिला पुन्हा मंडळाचं सांगायला लागले, तसा तिनं दांडा सोडला.

"ताई, तुमी लई शिकल्या. एक सांगा, तुमच्या घरात पांढरी पातळं किती?"

"एक."

"आमच्यात बी एकच हाय. ते सासूबाई नेसून गेल्या की मी काय खिडकीचा पडदा गुंडाळून येऊ?"

समाजशास्त्रात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. आणि घरच्या दोरीवर दर आठवड्याला काय वाळतं, ते मला दिसलं नव्हतं. मी जिला अडाणी समजत होते तिनं दोन वाक्यांत माझी तीन आठवड्यांची भाषणं मोडीत काढली.

त्याच रविवारी मी आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "काय नेसू?" मी म्हटलं, अंगावर आहे तेच. हिरवं, गुडघ्यावर ठिगळ लावलेलं. मी छापील पंजाबी ड्रेसमध्ये. शेजारची सून लाल पातळात, पोरासकट. तिघी जाऊन उंबऱ्याशी उभ्या राहिलो. आत पांढऱ्या रांगेत आजी पुढे बसलेली.

"भायेर," आजी म्हणाली. "आदी पांढरं नेसून या."

"आजी, पांढरं आहे कुठं?" मी म्हणाले. "घरात एक, ते तुझ्या अंगावर. नियमच बदलायला पाहिजे."

आजी हळू आवाजात बोलली. "मेलेल्याच्या अंगावरची लुगडी नेसून आमी दिस काडले, पोरी. दीक्षेच्या दिशी पयल्यांदा कोरं नेसलं. पांढरं. ते सोडा म्हनतीस व्हय? कालिजात हेच शिकिवलं?"

रांगेतल्या दोन म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसत होत्या. मी मागं वळणार, तेवढ्यात आई बोलली. सासूपुढे तिचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता.

"सोडू नका, आत्याबाई. तुमी नेसा. तुमाला कोरं मिळालं, तुमी आत बसल्या. मला मिळंपतूर मी भायेर हुबं ऱ्हायचं का? कापडं बघून भायेर ठिवनारे त्ये गावातले, आन् तसंच करनारे आपन. फरक काय ऱ्हायला?"

शेजारच्या सुनेच्या पोरानं तेवढ्यात रडायला घेतलं. आजीनं गुडघे आवळले, सतरंजीवर जागा केली आणि म्हणाली, "बस. पर पदर नीट घे."

त्या दिवशी नियम बदलला. पांढरं पौर्णिमेला आणि जयंतीला, तेही जिच्याकडे असेल तिनं. एरवी धुतलेलं काहीही. 'घरटी एक' बाई, हा कुठं न लिहिलेला नियमही मोडला. संध्याकाळच्या स्वैपाकामुळे सुना अडकायच्या, म्हणून आजीनं फर्मान काढलं की रविवारी भाकरी सासवांनी थापायच्या. "मंडळ वाढवायचं, का आमाला म्हातारपनी चुलीला बांदायचं?" एक म्हातारी कुरकुरली. आजी म्हणाली, "दोन्ही." शाळेच्या पोरी गणवेशातच यायला लागल्या. त्यांच्याकडे बैठकीची वही दिली, कारण लिहिता येत होतं ते त्यांना. लग्न होऊन गेलेल्या लेकीचं नाव मंडळातून काढायचं नाही, हे मी हट्टानं मंजूर करून घेतलं. ती माहेरी आली की थेट सतरंजीवर.

जयंतीआधीच्या रविवारी चुलता मोजायला आला. दारातूनच बोट फिरवत मोजत होता. एका ठिकाणी बोट थांबलं. तिथं त्याची स्वतःची बायको बसलेली, निळ्या पातळात.

"तू बी?" तो म्हणाला.

"व्हय. मोजून झालं असंल तर सरका, उजेड अडतोय."

आजही कुणी मला म्हणतं, बायकांची मंडळं म्हणजे वेळ घालवायचे धंदे. त्यांना म्हणू देत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, काय झालं तेवढं सांगते.

त्या दिवशी एकतीस बाया बसल्या होत्या. रविवारचे चार ते सहा मंडळाकडेच राहिले. पुढच्या वर्षी मंडळानं आईला अध्यक्ष निवडलं, आणि तिचं नाव आजीनं सुचवलं.