दिराची झोप आणि पंखा

नवरा गेल्यापासून लेझर मशीनवर अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या वहिनीच कापत. कारखाना दिराचा आणि त्यांचा निम्मा-निम्मा. धूर मात्र सगळा त्यांच्या वाट्याला.

धूर ओढणारा पंखा पाइपच्या बाहेरच्या टोकाला, भिंतीपलीकडे हवा होता. पण तिथे तो घरघरला की वरच्या मजल्यावर दिराची दुपारची झोप मोडायची. म्हणून त्याने तो आत, मशीनला खेटून बसवला. आता पंखा धूर पाइपात ढकलायचा आणि तो धूर पाइपच्या प्रत्येक सांध्यातून खोलीतच यायचा. खोकून खोकून वहिनींच्या बरगड्या दुखू लागल्या.

"भाऊजी, पंखा बाहेर घ्या."

"खिडकी उघडा की वहिनी! तुमचं आपलं काहीतरीच."

वहिनींचं डोकं सणकलं. त्यांनी मशीन बंद केलं, पान्याने पंखा उतरवला आणि वर जाऊन दिराच्या गादीवर आदळला.

"घ्या, याला कुशीत घेऊन झोपा! हा बाहेर लागेपर्यंत मी बटण दाबणार नाही. पाट्या तुम्ही कात्रीने कापा."

संध्याकाळी दीर बाहेर पंखा बसवत होता. वहिनींनी शिडी धरली होती, पण राग उतरला नव्हता.

"स्क्रू सगळे लावा," त्या खोकत म्हणाल्या. "एक जरी लावायचा ठेवलात, तर शिडी सोडून देईन."