चांदीवर उठलेला अंगठा

काही केसेस निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच सोडून आलो. ही एक मात्र माझ्याबरोबर घरी आली.

माझे वडील बोटीवर फिटर. त्यांच्यामागून कोकणातून सिंगापूरला आलो. आठवीत शाळा सुटली. पुढे इथल्या सक्तीच्या नॅशनल सर्व्हिसमध्ये पोलिसात गेलो आणि खात्याने ठेवून घेतलं. ते उपकार आणि चूक झाली तर घरी पाठवतील ही धास्ती, दोन्ही मी शेवटपर्यंत गणवेशाखाली बाळगली.

आंग मो किओ वस्तीतल्या एका फ्लॅटमधून चिनी आँटीची तक्रार आली. तिच्या दिवंगत नवऱ्याने मुलीच्या जन्मापासून दरवर्षी चीनचं एकेक पांडा नाणं घेतलं होतं. पहिलं सोन्याचं, पुढची चांदीची. त्यावरचं पांडाचं चित्र बहुतेक दरवर्षी बदलतं, म्हणून शौकीन लोक वर्षावार जमवतात. आता मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नातल्या चहाच्या विधीत ती पेटी लेकीला द्यायची होती. पेटी गायब, आणि तिच्या फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतलेला माणूसही गायब.

आम्ही नाण्यांच्या दुकानांना कळवून ठेवलं. एका दुकानदाराचा फोन आला, "अख्खा सेट घेऊन एक जण आलाय. गप्पांत गुंतवतो, तुम्ही या लवकर."

भाडेकरू हाती लागला, पण घाबरला नाही. स्वतः नाणी जमवणारा, जबाब एकदम पक्का. "माझीच आहेत. यांच्यावर नंबर नसतो, सर. एका वर्षाची सगळी नाणी सारखीच. आँटीची कशावरून?"

मुद्दा बिनतोड होता. आमचे साहेब म्हणाले, "पुरावा आण. नाहीतर पेटी त्यालाच परत द्यावी लागेल."

घरी गेलो तर बायको देवाची निरांजनं रांगोळीने घासत बसलेली. विचारात मी एक उचललं.

"अहो, घामट हात लावू नका! बोटं उठतात चांदीवर. परत कोण घासणार, तुमचे साहेब?"

दुसऱ्या दिवशी मी आँटीला विचारलं, "कुठल्या नाण्याला कुणी उघडा हात लावला होता का?"

"आयो, ते विचारू नका ला!" इथला नेहमीचा 'ला' जोडत आँटी भडकलीच. "मुलीचा निकाल लागला त्या दिवशी म्हाताऱ्याने बिअर पिऊन त्या वर्षाचं नाणं पारदर्शक डबीतून काढलं. शेजाऱ्यांना दाखवत नाचला. नाण्याच्या मागे मंदिराचं चित्र असतं, त्या बाजूला अंगठा उठला. भाव पडला ना! कित्येक दिवस बोलले नाही मी त्याच्याशी."

"मग घासून काढला नाही?"

"वेडे का तुम्ही? नाणं घासलं की उरलेला भावही गेला!"

आपण चांदी काळवंडली की रांगोळी घेऊन बसतो. नाणेवाले डाग सोसतात, पण घासत नाहीत. आणि आमचा भाडेकरू तर अस्सल नाणेवाला.

जप्त पेटीतून त्या वर्षाचं नाणं काढलं. ठसा होता. तपकिरी, रेघ न् रेघ स्पष्ट.

"हा कुणाचा?" मी भाडेकरूला विचारलं.

"जुना आहे. माझाच असणार."

"जबाबात लिहू?"

"लिहा की."

त्याचा अंगठा जुळला नाही. इथे ओळखपत्रासाठी अंगठा घेतात. परवानगी काढून आँटीच्या नवऱ्याचा ठसा मागवला. ठशांच्या अहवालाची वाट पाहत राहिलो. चुकलो असतो तर आँटीची पेटी गेली असती, आणि आठवी शिकलेल्याची अक्कल साऱ्या ठाण्याने काढली असती. फोन आला. तज्ज्ञ एवढंच म्हणाला, "तोच माणूस."

भाडेकरूला हे सांगितलं तेव्हा त्याने नाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "घासायला हवं होतं. पण हात धजला नाही."

तेव्हापासून कुणी चोरीला गेलेल्या वस्तूचं वर्णन करू लागलं की मी आधी विचारायचो, "खोट काय होती तिच्यात?" लोक ओशाळतात, लपवतात. पण मालक ओळखू येतो तो तिथेच.

लग्नाआधी परवानगीने पेटी परत दिली. मायलेकी ठाण्यात आल्या. लेकीने ते डाग पडलेलं नाणं डबीसकट उचललं. "डबी उघडू नकोस हं," आँटीने दटावलं. लेकीने उघडली नाही. झाकणावरून, बापाच्या अंगठ्याच्या बरोबर वर, तिने आपला अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला. भावाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी टोपी नीट केली आणि ताठ उभा राहिलो.