तिसऱ्यांदा विचारलं तर

आमच्याकडे पाहुण्याला कॉफी विचारली की तो नको म्हणतो. पुन्हा विचारायचं, तो पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की मग, "बरं, केलीच असेल तर अर्धा कप." नॉर्वेहून येताना आमच्या पणज्यांनी पेट्यांतून आणखी काय आणलं ते तेच जाणोत, पण ही खोड नक्की आणली. मला या आढेवेढ्यांचा मनस्वी कंटाळा येतो. आणि माझ्या थोरल्या बहिणीचा, आर्डिसचा, नवरा सेल्मर ब्रेके याचा सगळा जन्म त्यातच गेला. लग्नाचंसुद्धा शेवटी आर्डिसनंच विचारलं, आणि तेही तीनदा.

सेल्मर टोर्सडाल टाउनशिपचा. टाउनशिप म्हणजे गाव नव्हे. पूर्वी मोजणीवाले आले आणि त्यांनी मिनेसोटाभर सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आखत नेले. खाली तळं असो की दलदल, त्यांची रेघ सरळच. टोर्सडालची पश्चिमेकडची जमीन काळीभोर, पूर्वेला नुसती दलदल. सेल्मरच्या आजोबांच्या वाट्याला दलदल आली. त्यांना आधी कुणीतरी काळी जमीन देऊ केली असणार आणि ते नको म्हणाले असणार, असं आर्डिस त्याला चिडवायची. तो हसण्यावारी न्यायचा.

रेल्वे आली ती शेजारून निघून गेली. मग डेअरी बंद पडली, शाळा बंद पडली, शेवटी चर्चलाही कुलूप लागलं. मुलं मिनियापोलिसला गेली, ती कसली परत येतात! उरलं ते शाळेच्या इमारतीतलं सभागृह, खडीचे रस्ते, टेकडीवरची दफनभूमी आणि बर्फ ढकलायचा एक जुना ट्रक. हे सगळं बघायला तीन पंच. सेल्मर त्यांतला एक, आणि ट्रकही तोच चालवायचा. वादळ थांबलं की सगळ्यात आधी तो टेकडीचा रस्ता मोकळा करायचा. त्या रस्त्यावर एकही घर नाही. पण वर दफनभूमीत आर्डिस आहे, आणि रोज सकाळी तिच्यापाशी जाऊन उभं राहिल्याशिवाय सेल्मरचा दिवस सुरू होत नसे. त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

मी राहते त्याच्या घरासमोर, पण रस्त्याच्या पलीकडे. रस्ता म्हणजेच टाउनशिपची हद्द. बर्टनशी लग्न केलं आणि मी दुसऱ्या चौकोनात गेले. त्यामुळे टोर्सडालच्या सभेत मला मत नव्हतं की बोलायची मुभा नव्हती. मार्चमधल्या वार्षिक सभेला माझी कॉफी मात्र चालायची.

दर वर्षी सभा चालवायचा ऑर्डेल स्कार. सेल्मरची मुदत संपली की, पंच राहतोस ना, असं तो त्याला तीनदा विचारायचा, सेल्मर तिसऱ्यांदा होकाराची मान हलवायचा, आणि मग आम्ही केक कापायचो. गेल्या शरदात ऑर्डेल गेला. या वेळी खुर्चीवर ट्रॅव्हिस, तळ्याकाठी नवं घर बांधून राहिलेला शहरातला मुलगा. पोरगा वाईट नाही, उगाच कशाला नावं ठेवू? त्यानं आधीच सांगून टाकलं की सेल्मरची मुदत संपते आहे, जागेला माणूस मिळाला नाही तर टाउनशिप मोडून कारभार काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे, द्यायचा. काउंटी टेकडीवर ट्रक पाठवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तरेकडची टाउनशिप अशीच मोडली, तिची दफनभूमी एप्रिलपर्यंत बर्फाखाली असते.

ट्रॅव्हिसनं विचारलं, "सेल्मर, तुम्ही राहाल ना?"

"नको. एखाद्या तरुणाला घ्या."

मी आत कप मांडत होते. मला हसू आलं.

"खरंच नको?"

"नको, नको. माझं आता वय झालं."

मी किटली उचलली. आता तिसरं विचारणं, आणि मग कॉफी. पण ट्रॅव्हिस म्हणाला, "ठीक आहे, तुमच्या इच्छेचा मान राखतो. इतकी वर्षं केलंत, आभार." आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. जुनी माणसं आपापल्या बुटांकडे बघत बसली. विचारायचं काम खुर्चीचं, खुर्चीच्या मध्ये कोण बोलणार?

मी तशीच बाहेर आले. म्हटलं, "अरे, त्यांना अजून एकदा विचार."

"लव्हॉन, तुम्ही पलीकडच्या," ट्रॅव्हिस हळूच म्हणाला. "नियमानं नाही बोलता येत."

मी सेल्मरकडे वळले. तोंड उघड की, असं मी त्याला डोळ्यांनी बजावलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. न विचारता हो म्हणायचं म्हणजे त्याच्या लेखी भर सभेत भीक मागणं. तो मान खाली घालून बसला. जागेला दुसरं कुणी पुढे आलं नाही, म्हणून टाउनशिप मोडायचा ठराव वाचला गेला. विरोधात कोणी आहे का, हे एकदाच विचारलं गेलं. एकदा विचारल्यावर आमच्यात कोण बोलतं? टोर्सडाल संपलं.

कप विसळताना मी ट्रॅव्हिसला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "पण ते दोनदा नको म्हणाले हो," तो म्हणाला. म्हटलं, "तेच तर."

ट्रक विकला गेला. नोव्हेंबरात पहिलं मोठं वादळ आलं. काउंटीचं यंत्र मोठा रस्ता साफ करून टेकडीच्या वळणावरून सरळ पुढे गेलं. दफनभूमीच्या फाटकापर्यंत कमरेएवढा बर्फ. सेल्मरच्या गुडघ्यांना ती चढण झेपणारी नव्हती. रोज सकाळी मला माझ्या खिडकीतून तो त्याच्या खिडकीत दिसायचा, कोट-टोपी घालून, टेकडीकडे तोंड करून उभा.

शेवटी बटाट्याची लेफ्सा पोळी घेऊन मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, "बर्टन ट्रॅक्टर आणून टेकडीचा रस्ता उघडून देईल."

"नको. कशाला त्याला त्रास?"

"त्रास कसला? पाठवू का?"

"नको गं, राहू दे."

"सेल्मर, बर्टनला पाठवू का?"

त्यानं टेबलावरची पोळी उलगडून सारखी केली. मग म्हणाला, "बरं, तो त्या बाजूला जाणारच असेल तर." त्या बाजूला कुणीच जात नाही, रस्ता दफनभूमीपाशीच संपतो. मला रडू यायला लागलं, म्हणून मी पोळीला लोणी लावत बसले.

"लव्हॉन," तो म्हणाला, "तू रस्त्याच्या आमच्या बाजूला राहायला हवी होतीस."