चौथ्यांदा परत आलेला आराखडा

राहुरीच्या घरी बसून मी मोबाईलच्या स्क्रीनवरचे रंगाचे ठिपके आखण्याचं काम करते. ठिपके जितके लहान, तितकं चित्र स्पष्ट. पण लाल, हिरवा, निळा रंग काचेवर बसतो तो धातूच्या पातळ जाळीतून. छिद्रं फार जवळजवळ आली की जाळी मध्येच झोल खाते आणि लाल रंग हिरव्याच्या जागेत पसरतो.

माझा आराखडा चौथ्यांदा परत आला, तेव्हा कारखान्यातले साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, कागदावर छान आहे. पण आम्हाला बनवता येत नाही."

रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. दोन दिवस मी कॉम्प्युटर उघडलाच नाही. मग एका सकाळी एकाच रंगाचे दोन ठिपके शेजारी आणले आणि दोन्हींना मिळून एकच मोठं छिद्र दिलं. खालून वीज मात्र प्रत्येकाला वेगळी, म्हणजे दोन्ही आपापले उजळणार. ठिपके लहानच राहिले आणि जाळीही टिकली.

काही महिन्यांनी त्याच स्क्रीनचा नमुन्याचा फोन हातात आला. आई निवृत्त शिक्षिका, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली. ती रोज वाचते तो पोथीचा अध्याय उघडून मी फोन तिच्याकडे दिला.

तिने तो जवळ धरला, लांब धरला.

"छान आहे गं," ती म्हणाली, "पण अक्षरं जरा मोठी कर."

मला हसूही आलं नाही. मी अक्षरं मोठी केली. ती मोठ्याने वाचू लागली आणि मी तिच्याच खाटेवर आडवी झाले.