ट्रेलरच्या खिडकीतला हात

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. मी देवरी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, गावोगावी फिरून गाई-म्हशींना लस टोचते. म्हैस आटली की लोक नजर लागली म्हणतात, मी जंताचं औषध देते. भूत-बित ऐकलं की मला झोप येते. तरी हे लिहितेय, कारण मनातून जातच नाही.

माझी निम्मी नोकरी रस्त्यावर होते, त्यामुळे ट्रक मला जनावरांइतकेच ओळखीचे झालेत. मुरमाच्या टिप्परला फक्त पुढची खेप दिसते, मागे कोण आहे ते दिसत नाही. धानाच्या ट्रकची पोती दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, तो डुलत डुलत चालतो. त्याच्या शेजारून जाऊच नये. अर्धवट भरलेला टँकर ब्रेक मारला तरी आतल्या मालाने पुढे ढकलला जातो. आणि ट्रेलर... त्याचं तोंड एकीकडे आणि शेपूट भलतीकडे. हे सगळं मला पाठ होतं. पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं.

गेल्या वर्षी धान कापणी आटोपल्यावरची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीला, रेखाला, सकाळी कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. देवरीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, बाळाचे ठोके मंदावताहेत, सिझर लागेल, ताबडतोब गोंदियाला न्या. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मग काय, मीच माझी कार काढली. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून रेखा.

आमगाव ओलांडलं आणि पुढे एक लांबलचक ट्रेलर लागला. राईस मिलची कसलीशी अवजड मशीन लादलेला, बैलगाडीच्या चालीने चाललेला. हॉर्न वाजवून मी थकले. रेखाचं कण्हणं बंद झालं होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात ट्रेलरचा उजवा इंडिकेटर लागला आणि तो डावीकडे सरकला. आमच्या रस्त्यांवर याचा अर्थ एकच – समोर रस्ता मोकळा आहे, काढा पुढे. सगळे ट्रकवाले असाच इशारा देतात आणि आम्ही सगळे त्यावर डोळे झाकून भरवसा ठेवतो.

"काऊन थांबून राहिली वं?" आई ओरडली. "जागा देऊन राहिला न तो!"

मी गाडी उजवीकडे काढली, ॲक्सिलरेटर दाबला... आणि ट्रेलरच्या ड्रायव्हरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. पांढऱ्या फुल शर्टाची बाही, पंजा सरळ माझ्याकडे. थांब!

"काढ वं, काढ!" मागून आई.

मी करकचून ब्रेक मारला.

दुसऱ्याच क्षणी ट्रेलर उजवीकडे वळला. रस्त्यालगतच्या मिलच्या फाटकात शिरायचं म्हणून त्याने आधी डावीकडे जागा घेतली होती, एवढंच. मी थांबले नसते तर आमची गाडी जिथे असती, तिथून त्याची चाकं गेली.

ट्रेलर फाटकात अर्धाच शिरून थांबला, अख्खा रस्ता बंद. मी उतरून केबिनपाशी गेले. शिव्या द्याव्यात की आभार मानावेत, ठरत नव्हतं. काच बंद होती. दार बडवलं तेव्हा ते आतून उघडलं. वयस्क ड्रायव्हर, अंगात निळी बनियन, एकटाच.

"भैया, हाथ दिखाया वो अच्छा किया," मी म्हटलं. "पर इंडिकेटर..."

"कौनसा हाथ?" तो गोंधळला. "मॅडम, पीछे गाडी है, ये मेरेको मालूमच नहीं था."

"अरे, अभी खिडकी से निकाला ना!"

त्याने काचेचं बटण दाबून दाखवलं. काच हलली नाही. "ये तो कबसे जाम है. एसी केबिन है, खोलनेका काम नहीं पडता."

मग त्याला आमच्या गाडीत आडवी पडलेली रेखा दिसली आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने भराभर ट्रेलर आत घेतला.

गोंदियाला पोहोचलो, सिझर झालं. मुलगी. आधी रडलीच नाही, मग रडली. तेव्हा कॉरिडॉरमध्ये बसून मीही रडले, लाज सोडून.

नंतर मी त्या मिलवर जाऊन विचारून आले. तिथे पूर्वी कोणाचा अपघात झालाय का? नाही म्हणाले. मग काचेवर ऊन चमकलं असेल, घाबरून मला भास झाला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. काही दिवस ती पुरलीही.

बाळाच्या बारशाच्या दिवशी आईला सहज म्हटलं, "त्या दिवशी मले हात दिसल्यासारखा झाला होता वं."

आई नातीला थोपटत होती. तिचा हात थांबला.

"मले बी दिसला होता," ती म्हणाली. "थांब म्हणून राहिला, हे बी समजलं होतं. पन पोरगी हातची जाऊन राहिली होती न वं... मले वाटलं, त्याचं कायले आयकाचं. म्हनून तं ओरडली, काढ म्हनून."

तो हात कोणाचा होता, ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. फक्त भास होता, असं म्हणू नका.