आत्याचं प्रथिन

प्रयोगशाळेत सगळे तिला आत्याच म्हणत. भाची शाळा सुटली की थेट तिकडे यायची आणि दारातूनच "आत्याऽऽ" करून ओरडायची. तेच नाव चिकटलं.

मेंदूज्वराच्या एका जिवाणूच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं. ते टोचून शरीराला आधीच ओळखीचं करून ठेवलं, तर खरा जिवाणू शिरताच शरीर त्याच्यावर तुटून पडेल, अशी लस आत्याला करायची होती. उमेदीची सगळी वर्षं तिनं त्यात घातली. "नवरा करायचा सोडून प्रथिन धरून बसलीस," दादा चिडवायचा. "निदान घोरत तरी नाही," ती म्हणायची.

उंदरांवर लस लागू पडली. आता माणसांवर चाचणी होणार होती.

आणि भाची तापली. मान ताठली, अंगावर जांभळे डाग उठले. दवाखान्यात नेलं, पण पोर हाती लागली नाही.

तिच्या रक्तातला जिवाणू तपासायला प्रयोगशाळेत आला. "तू नको करूस," साहेब म्हणाले. आत्यानं ऐकलं नाही. लस टोचलेल्या उंदरांचं रक्तद्रव तिनं जिवाणूवर घातलं. जिवाणूवर ते प्रथिन असतं, तर रक्तद्रवातली प्रतिपिंडं त्याला चिकटली असती. काहीच चिकटलं नाही. पुन्हा केलं, तेच. या जिवाणूवर ते प्रथिन नव्हतंच.

काही दिवसांनी दादा आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"एकच सांग. तुझी लस तयार असती, तर वाचली असती का गं?"

हो म्हटलं असतं, तर त्याला निदान उशिराच्या नावानं बोटं मोडता आली असती. तिचे ओठ हललेही.

"नाही रे, दादा."

"मग इतकी वर्षं केलंस काय तू?"

तो उठून गेला.

मग तिनं साठवणीतले, इतर रुग्णांचे जिवाणू बाहेर काढले. त्यातल्याही बऱ्याच जिवाणूंवर ते प्रथिन नव्हतं. तिनं स्वतःच साहेबांना तसं सांगितलं. चाचणी रद्द झाली. बरोबरीचे तिच्याशी तुटक वागू लागले.

ती अजून भावाकडे जाते. वहिनी दार उघडते, चहा टाकते. दादा आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. सकाळी ती कामावर असते, सगळ्या जिवाणूंवर हमखास सापडेल असं दुसरं प्रथिन शोधत. अजून सापडलेलं नाही.