गुडघे धरणारी

१९६१ साली बेंगळूरच्या एका सरकारी दवाखान्यात, बायकांच्या तपासणीच्या खोलीत, मला डॉक्टरकीच्या पाच विद्यार्थ्यांसमोर चादरीशिवाय टेबलावर झोपवलं. मी त्याच खोलीतली आया होते. चार वर्षं.

पैसे भरणाऱ्या बायकांसाठी पडदा ओढत. आत घालायचं स्टीलचं हत्यार मी आधी कोमट पाण्यात बुडवून द्यायची. फुकट तपासणीच्या बायकांना यातलं काही नव्हतं. त्यांचे गुडघे धरून ठेवायचे, हे माझं काम. एखादी विचारायची, "अक्का, काय करणार?" मी म्हणायची, "गप पड."

त्या वेळी तीन आठवडे माझ्या अंगावरून जात होतं. नर्सनं माझ्यावर घालायला चादर उचलली तसे डॉक्टर म्हणाले, "राहू दे. आपलीच आया आहे. हिला कसली लाज?"

विद्यार्थी हसले. त्यांतल्या दोघांना मी रोज चहा नेऊन देत होते.

माझे गुडघे दुसऱ्या आयानं, रंगम्मानं धरले. हत्यार थंड होतं. मी म्हटलं, "थांबा." कुणी थांबलं नाही. रंगम्मा म्हणाली, "गप पड."

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. खाली उतरले, लुगडं नेसले, तेच टेबल पुसलं. पुढची बाई दारात उभी होती.

नगरथपेठेतल्या शिंप्याची सून. नवीन लग्न झालेली. मराठीत म्हणाली, "अक्का, लई दुखतं का?"

डॉक्टर म्हणाले, "धर हिला."

मी धरलं नाही. तिला सांगितलं, "आधी लघवीला जाऊन ये. कमरेवर चादर घे. पोट वरून दाबून बघतील. मग हे आत घालतील, आतलं दिसावं म्हणून. दाबल्यासारखं वाटेल. मग हातमोजा घालून बोटांनी तपासतील. दुखलं तर थांबा म्हण. त्यांनी थांबायलाच पाहिजे. ही पोरं नको असतील तर तसं सांग."

"नकोत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, "काय शिकवतेस तिला?"

"तुम्ही काय करणार ते."

"नोकरी नकोशी झाली?"

"नोकरी हवी आहे. न सांगता कुणाचे गुडघे धरणार नाही. आज नाही, उद्या नाही."

रंगम्मा भिंतीकडे बघत होती. दोन विद्यार्थी बाहेर गेले. तिघे जागचे हलले नाहीत. मी त्यांच्यापुढे पडदा ओढला.

सून लघवीला गेली. ती परत येईपर्यंत डॉक्टर हातमोजे घालून थांबले.